कॅमेऱ्याचं कपाळ

खोड काढणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याचाच पगार मिळतो. ही सोय सगळ्यांच्या नशिबी नसते. लातूरकडे आमच्या घरी पाहुणे यायचे असले की आई आधीच दटावून ठेवायची, "कुणाच्या कपड्यातलं उसवलेलं दाखवायचं नाही, कळलं?" लग्न होऊन पिंपरीत आले, तर सासूबाई चार दिवसांत शेजारणीला सांगायला लागल्या, "हिला देवळात न्या, ही म्हणणार घंटा तिरकी टांगलीय." आता घंटा खरोखरच तिरकी होती, त्याला मी काय करू?

पुढे मला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्याने मन लावून बनवलेल्या प्रोग्रामशी मुद्दाम वाकडं वागायचं, वयाच्या रकान्यात गावाचं नाव भरायचं, एकदा दाबायचं बटण वैताग आल्यासारखं सारखं दाबायचं, आणि तो कुठे आडवा होतो ते बघायचं. चूक सापडली की तिला बग म्हणायचं आणि ज्याने ती केली त्याच्यापुढे गोड चेहऱ्याने ठेवायची. मला दिवसभर आठ तास खोड्या काढायला मिळायच्या, त्यामुळे संध्याकाळी मी घरी अगदी गरीब गाय असायचे.

आमची कंपनी लहान. ताथवड्यात, इंजिनिअरिंग कॉलेजसमोरच्या इमारतीत. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग बनवून देणारी जी छोटी वर्कशॉप्स आहेत, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांना एआयचं वारं लागलं, तसं आम्हालाही लागलं. आम्ही एक कॅमेरा काढला. प्रेस मशीनमधून पत्र्याचा नग बाहेर पडला की कॅमेरा त्याच्याकडे बघतो आणि टॅबवर सांगतो, चांगला की वाईट. चांगला असेल तर हिरवं. वाईट असेल तर लाल, आणि खाली कारण, म्हणजे पोचा, चीर किंवा गंज. हजारो फोटो दाखवून त्याला हे शिकवलं होतं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण मग आमच्या साहेबांनी टेस्टिंगसाठीसुद्धा एआय आणला.

साहेब माझ्याहून पुष्कळ लहान. हुशार, हसतमुख, आणि नवीन काही दिसलं की पोळीवर तूप घ्यावं तसं घेणारे. त्यांनी आणलेलं ते साधन आपल्या आपण टेस्ट लिहायचं, आपल्या आपण चालवायचं, आणि एखादं बटण डावीकडून उजवीकडे गेलं तर रुसून न बसता आपली टेस्ट आपणच दुरुस्त करून घ्यायचं. सकाळी आम्ही यायच्या आत त्याचा हिरवागार रिपोर्ट तयार असायचा. त्याचे लाडही तसेच. सगळ्यात भारी सर्व्हर त्याला. त्याच्यासाठी मीटिंगा आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची टाप नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई ठेवलं. नाव चिकटलं. साहेबसुद्धा विसरून एकदा ग्राहकाला म्हणाले, "आमच्या जावयाने तपासलंय."

जावई हा दहावा ग्रह म्हणतात, तो माझ्या राशीला आला तो असा. एके दिवशी साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि चहा मागवला. आमच्याकडे चहा मागवला की समजावं, काहीतरी कडू येतंय.

"मॅडम, चाकणजवळ निघोज्याच्या एका वर्कशॉपमध्ये कॅमेरा बसतोय," ते म्हणाले. "दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचाय. या वेळी टेस्टिंग जावई करेल. तुम्हीही करा, पण शेवटचा शब्द त्याचा. तिथं सगळं सुरळीत झालं, तर मग वेगळी टेस्टिंग टीम ठेवायची गरज उरत नाही. तुम्हाला सपोर्टला घेऊ. तुमचं बोलणं चांगलं आहे."

सपोर्ट म्हणजे कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कारखान्यातल्या माणसांच्या शिव्या ऐकून म्हणायचं, "टॅब एकदा बंद करून चालू करून बघता का?" माझं बोलणं चांगलं आहे असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं, आणि तेही असं.

मला भीती वाटली. उगाच शूरपणाचा आव आणत नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो चाकणला कंपनीत आहे, त्याने असली यंत्रं आलेली आणि माणसं हललेली पाहिली आहेत. तो म्हणाला, "पगार तोच आहे ना?" पगार तोच होता. पण खोड काढायची नाही, नुसती ऐकून घ्यायची, या विचाराने मला जेवण जाईना.

मग मी कंबर कसली. जावई आणि मी, दोघं एकाच सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. खोटं कशाला बोलू, तो गडी भारी होता. पहिल्या शिफ्टचा माणूस टॅबमधून लॉगआउट न होता तसाच घरी गेला, तर दुसऱ्या शिफ्टचे सगळे वाईट नग त्याच्या नावावर पडत होते. हे जावयाने शोधलं. मी किती महिने त्याच स्क्रीनवर बसले होते, मला दिसलं नव्हतं. साहेबांनी तो बग मोठ्या पडद्यावर दाखवला आणि माझ्याकडे बघून हसले. माझा तिळपापड झाला. मनात म्हटलं, चांगला आहेस रे मेल्या, पण तू अजून खेड्यात गेलेला नाहीस.

कॅमेरा लॅबमध्ये टेबलावर होता. पांढरा डबा, पुढे गोल काच. जावई त्याला हजारो बनावट चित्रं दाखवत होता. अंधार, ऊन, तेलाचे थेंब, धूळ, एवढंच काय, काचेवर बसलेला किडासुद्धा. काच पूर्ण झाकली तर टॅब शहाण्यासारखा सांगत होता, "दिसत नाही." मी त्या डब्याकडे बघत बसले होते, आणि माझा हात सवयीने कपाळाकडे गेला. मी विचार करायला लागले की टिकली चाचपते. टिकली सैल झाली होती. लाल, जराशी मोठी, पिंपरी कॅम्पातल्या गल्लीतून आणलेली. मी ती काढली आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चिकटवून दिली.

टॅब म्हणाला, गंज.

मी दुसरा नग ठेवला. चकचकीत, कोरा करकरीत. गंज. तिसरा ठेवला. गंज. खिशातला रुमाल ठेवला, तोही गंजला. "दिसत नाही" म्हणायचं सोडून हे शहाणं जगालाच गंज चढवत होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते बघत राहिले आणि मग खो खो हसले. "मॅडम, कारखान्यात कॅमेऱ्याला टिकली कोण लावणार?"

"कुणीही लावेल. माणसांचं काय सांगावं?"

"जावयाने काच झाकून बघितलीय, धुळीची बघितलीय. हे प्रत्यक्षात होणारं नाही." असं म्हणून त्यांनी यादीतला माझा बग दुरुस्त न करताच बंद केला. कारणाच्या जागी लिहिलं, "वास्तवात अशक्य." मी टिकली परत कपाळाला लावली. गोंद संपला होता, ती दुपारपर्यंत कुठेतरी पडली.

खंडेनवमीला आम्ही निघोज्याला गेलो. मला साहेबांनी मुद्दाम नेलं, सपोर्टची ओळख होऊन जाईल म्हणून. वर्कशॉपचे मालक तिथलेच, जुन्या शेतकरी घराण्यातले. जमिनीचा काही भाग एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या जागेत त्यांनी शेड टाकली आणि प्रेस बसवल्या. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या बायकोला काकी. शेडची मालकी आबांची आणि सणावाराची मालकी काकींची, हे मला पाच मिनिटांत कळलं.

मशिनी धुऊनपुसून लख्ख केल्या होत्या. प्रत्येक प्रेसला झेंडूचा हार, अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे नारळ. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोडे, मोजमापाची गेजं मांडली होती. ज्याचं जे अवजार, त्याची आज पूजा, आणि आज त्याला हात लावायचा नाही, त्यालाही सुट्टी. काकींच्या मागून आरतीचं ताट घेऊन मी फिरत होते. प्रेस झाल्या, पंखे झाले, पाण्याची मोटार झाली, आबांची मोटारसायकल झाली. शेवटी आम्ही आमच्या कॅमेऱ्यापाशी आलो. तो खांबावर बसवलेला होता, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जरा खाली मान घालून.

आबा म्हणाले, "साहेब, ह्ये यंत्र तुमचं. तुमीच लावा कुकू."

साहेबांनी त्या दिवशी नवा कुडता घातला होता. सगळे कामगार बघत होते. त्यांनी पायातले बूट काढले, डोळे मिटले, अंगठा कालवलेल्या कुंकवात बुडवला, आणि मोठ्या भक्तिभावाने कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध लावला. पांढऱ्या डब्याला कपाळ म्हणावं अशी एकच जागा होती, ती गोल काच. हात आपोआप तिथंच जातो. माझाही गेला असता.

मी ताट पाटावर ठेवलं. आतून जे हसू वर येत होतं ते मी आरतीच्या टाळ्यांत घातलं. आरती संपल्यावर साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "सर, वास्तवात अशक्य ते झालं."

ते वळले. बघितलं. चेहरा उतरला. त्यांनी खिशातून रुमाल काढला मात्र, काकींचा आवाज आला.

"अवो साहेब! लावल्यालं कुकू पुसत्यात व्हय? आन त्ये बी सणाच्या दिवशी?"

साहेबांनी रुमालाने स्वतःचा घाम पुसला, जणू त्याचसाठी काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परतताना गाडीत ते स्वतःचीच समजूत घालत होते. "काही नाही होणार. काच झाकलीय, सिस्टीम म्हणेल दिसत नाही. मग आबाच म्हणतील, पुसा."

"सिस्टीम म्हणेल गंज," मी म्हटलं.

"जावयाने झाकलेली काच तपासलीय."

"काळी काच तपासलीय. लाल नाही."

"बघू या."

घोडामैदान जवळच होतं. पण खरं सांगते, त्या रात्री मला धड आनंद होईना. कॅमेरा तोंडावर पडला तर माझी खुर्ची वाचणार होती. पण तो कॅमेरा आमचाच होता, माझ्याही दोन वर्षांच्या खोड्या त्यात होत्या. आपलंच पोर स्पर्धेत आपटावं आणि आपलं भाकीत खरं ठरावं, असं एकाच वेळी कुणी मागू शकतं का? मी दोन्ही मागत होते.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचे चार नग काढायची आबांकडे रीत होती, त्यासाठी आम्ही पुन्हा निघोज्याला गेलो. आबा जरीकाठी उपरणं घेऊन उभे, काकींच्या हातात पेढ्यांचं ताट. प्रेस धडधडली, पहिला नग पट्ट्यावरून घरंगळत कॅमेऱ्यापुढे आला.

गंज.

दुसरा आला. गंज. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिसरा. गंज.

आबांनी तिसरा नग हातात घेतला, उपरण्याने पुसला, उन्हात धरला. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. "दसऱ्याच्या दिशी माझ्या मालाला गंज म्हणतंय व्हय ह्ये?" ते शांतपणे म्हणाले, आणि हा शांतपणा ओरडण्याहून वाईट होता. "साहेब, आमी मानानं बशिवलं ह्येला. काढा. आत्ताच्या आत्ता खाली उतरवा."

साहेब काहीतरी बोलायला गेले. कॉन्फिडन्स, मॉडेल, कॅलिब्रेशन असे शब्द तोंडातून निघाले आणि शेडमध्ये हरवून गेले. मला त्यांची दया आली. हसू आलं होतंच, पण दया जास्त आली.

मी पुढे झाले. "आबा, यंत्राची चूक नाही. त्याच्या डोळ्यावर कुंकू लागलंय. त्याला सगळं जग तांबडं दिसतंय. पुसलं की नीट बघेल."

"मग पुसा की," आबा म्हणाले.

"पुसायचं न्हाई," काकी म्हणाल्या.

"अगं, त्याबिगर दिसायचं कसं त्येला?"

"दिसंना तर दिसंना. कुकू पुसायचं नाव काढायचं न्हाई माझ्या शेडात."

नवरा-बायको समोरासमोर. मध्ये आमचा कॅमेरा, कपाळाला कुंकू लावून निमूट खाली मान घालून उभा. नव्या नवरीचा असा अवतार मी पुष्कळ लग्नांत पाहिला आहे.

"काकी," मी म्हटलं, "गणपती बसवल्यावर आपण त्याला हलवतो का?"

"न्हाई."

"आणि उत्तरपूजा झाल्यावर?"

काकींनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी खोड काढतेय की धर्म सांगतेय, ते त्यांना ठरवता येईना. मलाही येत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "व्हय. उत्तरपूजा झाली की चालतंय. पर ज्यानं लावलं त्यानंच करायची."

आणि मग जावयाचे सासरे, आमचे साहेब, इंजिनिअर माणूस, बूट काढून पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. हातात अक्षता. काकी सांगतील तसं म्हणत होते. "पुनरागमनाय च" म्हणताना त्यांनी कॅमेरा दोन बोटांनी किंचित हलवला, तसं मी मनात म्हटलं, येणारच परत, सर. बंद केलेला बग पुन्हा उघडावा लागतोच. मग काकींनी स्वतः पाण्यात बुडवलेल्या झेंडूच्या पाकळीने काच टिपून घेतली, वर पदराच्या टोकाने कोरडी केली, आणि डब्याच्या माथ्यावर, जिथं काच नव्हती तिथं, नवं कुंकू लावलं. कपाळ रिकामं ठेवायचं नाही म्हणून.

चौथा नग आला. हिरवा.

आबांनी पहिला पेढा साहेबांच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं, रडू येतंय. पेढा खाऊन टाकला.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी माझा बग पुन्हा उघडला. मी शेजारी उभी राहून सांगत होते. "चूक पुन्हा घडवायची रीत लिहायला लागेल, सर. आधी नवा कुडता घालावा. मग अंगठा कुंकवात बुडवावा." ते लिहीत होते आणि हसत होते. शोधणाऱ्याच्या जागी मी त्यांचंच नाव घालायला लावलं.

मग मी सरळ विचारलं, "सपोर्टचं काय?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. "जावयावर नजर ठेवायला घरात सासू लागतेच, मॅडम."

तेव्हापासून आम्ही एका टेबलावर बसतो, जावई आणि मी. बटणं दाबायचं काम माझ्या हातून गेलं, ते परत येणार नाही, हे मला कळलंय. आता मी त्याला खोड्या सांगते आणि तो त्या हजार तऱ्हांनी करून बघतो. हळद, गुलाल, भंडारा, नारळाचं पाणी, उदबत्तीचा धूर, हाराचा सुटलेला दोरा. एकदा त्याने माझ्या यादीवरून आपल्या मनाने एक खोडी काढली, आपट्याचं पान काचेला चिकटलं तर. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला राग आला आणि कौतुकही वाटलं, आणि कुठलं जास्त ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला ऑफिसात पाट मांडला. सगळ्यांनी आपापले लॅपटॉप ठेवले. ज्याचं जे अवजार. मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या रांगेत ठेवलं. कुणीतरी फिसकलं. साहेब ताट घेऊन आले, पाकिटापाशी थांबले, आणि त्यावर एक फूल ठेवून नीट नमस्कार केला.

खंडेनवमीला अवजाराला हात लावायचा नसतो. म्हणून त्या दिवशी मी कुणाची म्हणजे कुणाचीच खोड काढली नाही. दारावरचं तोरण तिरकं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.